गाईच्या गळ्यातली घंटा

शेजारच्या सुमनताईंनी स्वित्झर्लंडहून गाईच्या गळ्यातली घंटा आणून दाराला टांगली. "शांत देश हो, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात," म्हणाल्या.

ती वाजली की मला तिथले जुने भाडोत्री सैनिक आठवतात. गुराख्यांची पोरं ती. तिथल्याच बड्या लोकांनी त्यांना परक्या राजांच्या लढायांसाठी विकलं. छावणीत कुणी गुरं हाकायचं गाणं गुणगुणलं की बाकीचे घराच्या ओढीने आजारी पडत, पळून जात. मग अधिकाऱ्यांनी पोरांना घरी पाठवलं का? छे. म्हणे, गाण्यावरच बंदी घातली. माणूस विकलात, वर त्याच्या गळ्यातलं गाणंही काढून घेतलंत?

काल सुमनताई म्हणाल्या, "सोसायटीवाले घंटा काढा म्हणतात. आवाज होतो."

म्हटलं, "राहू दे तिथेच. कोण काढतो ते मी बघते."