पडवीतली कॉट

आक्का गेली ही बातमी मला कुणी सांगितली नाही. गावालाच ती माझ्याकडून कळली. सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन पडवीत आलो, कॉटच्या डोक्याकडचा भाग वर करायचा म्हणून दांड्याला हात घातला, आणि "दोन वेढे. जास्त नको," हे तिचं नेहमीचं वाक्य येईल म्हणून थांबलो. ते आलं नाही... पेजेची वाटी मी खिडकीत ठेवली आणि तिचं पांघरूण सारखं केलं. मग मोहनला फोन केला. मोहन आमचा शेजारी, औषधांचं दुकान चालवतो, आणि आक्काच्या सगळ्या उद्योगांत तिच्या बरोबरीने असायचा. "आलो बंडूकाका," एवढंच तो म्हणाला. फोन बंद करायचं त्याला सुचलं नसावं, कारण त्याच्या धावत्या चपलांचा आवाज आधी फोनमध्ये आणि मग आमच्या अंगणात ऐकू आला.

याला आता काही आठवडे झाले. गावात शोकसभा झाली, लोक चांगलं बोलले. रत्नागिरीत तिला सगळे शालूताई म्हणत. मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, निवृत्तीनंतर आजाऱ्यांना लागणारं सामान लोकांना वापरायला देणाऱ्या शालूताई. मी तिचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि पुस्तकांच्या आडोशाने आयुष्य काढलं. लग्न तिनेही केलं नाही, मीही नाही. सभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा उठलो आणि नमस्कार करून खाली बसलो. जे बोलता आलं नाही, ते लिहून बघतो आहे.

सुरुवात आईच्या कॉटपासून झाली. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात असते तशी लोखंडी कॉट, दांडा फिरवला की डोकं वर येणारी, गावात कुठे मिळेना. आक्काने ती कोल्हापूरहून आणवली. आई वर्षभर त्या कॉटवर होती आणि त्या कॉटवरच गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी म्हटलं, कॉट भंगारवाल्याला देऊन टाकू, सारखी डोळ्यांसमोर नको. आक्का विहिरीवर पाणी ओढत होती. तिथूनच म्हणाली, "मेल्या, ती काय आजारी आहे? आजारी आई होती." मग तिने कॉट साबणाने घासली, अंगणात उन्हात टाकली आणि पडवीत आणून ठेवली. थोड्याच दिवसांत पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ आले. वडील पडले होते आणि जमिनीवरून त्यांना उठवता येत नव्हतं. त्यांनी मागायच्या आधीच आक्काने मला कॉटचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

ती कॉट परत आली तेव्हा सोबत एक वॉकरही आला. मग कुणी वडिलांच्या कुबड्या आणून दिल्या, "घरात बघवत नाहीत हो," म्हणून. कुणी चाकांची खुर्ची दिली, कुणी हवेची गादी. एका शिंप्याने गाद्यांची कव्हरं शिवली, एकाने सामान पोचवायला टेम्पो दिला. मोहन आला, त्याच्या ओळखीचे निवृत्त लोक आले, आणि संस्था नोंदवायची ठरली. नावावरून सभेत अशी जुंपली की चहा गार झाला. शेवटी आक्का म्हणाली, "नाव काय वाट्टेल ते ठेवा. लोक 'शालूताईंच्या पडवीत मिळेल' असंच सांगणार आहेत." तसंच झालं. संस्थेचं नाव मला आजही आठवून सांगावं लागतं.

आमच्या गावात कितीतरी घरं अशी आहेत की मुलं मुंबईला आणि घरात दोन म्हातारी माणसं. एक पडलं की दुसऱ्याला उचलता येत नाही. आक्का सामानाबरोबर स्वतः जायची. कूस कशी बदलायची, अंथरुणातल्या माणसाला अंग उघडं न टाकता आंघोळ कशी घालायची, हे घरच्यांना करून दाखवायची. ती शिकलेली माणसं मग शेजारच्या घरात जाऊन शिकवू लागली. बंदराजवळच्या चाळीतून निघालेली खुर्ची मुसलमान मोहल्ल्यात जायची, तिथून देवळामागच्या आळीत. एकमेकांच्या घराची पायरी न चढलेली माणसं एकाच खुर्चीत बसून गेली. मी हे खिडकीतून पाहत असे, हातातल्या पुस्तकात बोट घालून.

कॉटचं मात्र वेगळं होतं. कॉट न्यायला आलेला माणूस हमखास विचारायचा, "याच्यावर आधी कोण होतं? ते बरे झाले ना?" वॉकरबद्दल असं कुणी विचारत नाही. पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा आक्काने सरळ उत्तर दिलं, "गेले हो ते. वय झालं होतं." न्यायला आलेला मुलगा दोन पावलं मागे सरला. आईला विचारून येतो म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला, तो परत आलाच नाही. पुढे कळलं की त्याचे आजोबा जमिनीवरच पडून राहिले आणि त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. आक्का दोन दिवस जेवली नाही. "मी खरं बोलले, आणि त्या माणसाची पाठ सोलली गेली," एवढंच म्हणत राहिली. खोटं बोलायचं तर तिला जमणारं नव्हतं.

त्यानंतर एक मासेवाली आली. तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. कॉटभोवती एक फेरी मारून तिने विचारलंच, "ताई, ह्याच्यावर आदी कोन व्हता? तो बरा झाला ना?"

आक्काने पदर खोचला, चपला काढल्या आणि कॉटवर सरळ आडवी झाली. हात छातीवर, डोळे मिटलेले. मी पुस्तक खाली ठेवलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पडल्या पडल्याच म्हणाली, "आता याच्यावर शेवटची मी. मला काही झालंय?"

मासेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाय झाला. पन उठा आता, नायतर तुमालाच घालून न्यावी लागेल कॉट!" दोघी अशा हसल्या की मोहन दुकान सोडून बघायला आला.

तेव्हापासून ती रीतच पडली. कुणी विचारो न विचारो, कॉट बाहेर पडण्याआधी आक्का तिच्यावर आडवी व्हायची आणि ते वाक्य म्हणायची. "ताई, तिकीट लावू या," असं मोहन चिडवायचा. एकदा वैशाखातल्या दुपारी तिला खरोखरच डोळा लागला. न्यायला आलेली मंडळी अवघडून उभी, टेम्पोवाला घाम पुसतोय, आणि ही घोरतेय! मी हलवून उठवलं तर माझ्यावरच डाफरली, "अरे, कॉट चांगली आहे हे त्यांना कळायला नको?"

माणूस गेल्यावर कॉट परत आणायलाही तीच जायची. सुतकाच्या घरी कुणी पाणी घेत नाही, ही ओट्यावर बसून स्वतः म्हणायची, "चहा टाक गो, साखर कमी." मी एकदाच तिच्याबरोबर गेलो होतो. त्या घरातली सून चहा करता करता रडली, मग बोलायला लागली, आणि खूप वेळ बोलत राहिली. परत येताना आक्का म्हणाली, "तिला कुणीतरी काम सांगायला हवं होतं रे."

गेल्या वर्षी तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घरी न्या म्हणाले. कॉट तेव्हा दुसरीकडे होती. मोहन आणायला निघाला तर आक्का भडकली, "कुणाच्या अंगाखालून ओढून आणणार?" आणि चटईवर झोपत राहिली. सुदैवाने तो पेशंट बरा होऊन हिंडूफिरू लागला, आणि कॉट आपणहून परत आली. मोहनने आणि मी आक्काला उचलून कॉटवर ठेवलं. ती सरळ पडली, हात छातीवर घेतले, आढ्याकडे बघितलं. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. ते वाक्य ती म्हणाली नाही. मग मान वळवून म्हणाली, "बंडू, दांडा फिरव जरा. दोन वेढे." रोज सकाळ-संध्याकाळ तेवढंच मागणं. मला वाटायचं, अंगणातला आंबा बघायला तिला डोकं वर हवं असतं. यंदा मोहोर चांगला आला होता. मी समोरच्या खुर्चीत वाचत बसायचो आणि अधूनमधून तिला सांगायचो, आज कोकीळ ओरडला, आज कैऱ्या गळल्या... ती "हां" म्हणायची.

ती गेल्यावर कॉट धुतली, उन्हात टाकली, पडवीत पुन्हा त्याच जागी ठेवली. आणि मग मला ती देववेना. मोहनला मी तसं बोललो नाही, पण त्याने ओळखलं. कॉटसाठी फोन आला की तो "आता नाहीये हो" म्हणायचा आणि माझ्याकडे न बघता वॉकर पुसत बसायचा.

मागच्या आठवड्यात सकाळी एक तरुण बाई अंगणात आली. नवरा मुंबईला, घरात सासू-सासरे. सासऱ्यांची उजवी बाजू गेलेली. "मोहनदादा म्हणतात कॉट नाही," ती पडवीच्या गजांतून आत बघत म्हणाली. "पण ही आहे ना, काका?"

मी म्हटलं, "आहे."

"शालूताई याच्यावरच..." ती अडखळली. "मला काही नाही हो त्याचं. पण सासूबाई आल्यात बरोबर. त्या आत यायला तयार नाहीत."

सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी काही विचारलं नाही. तरीही प्रश्न अंगणभर होता. मोहन पायरीवर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

मी चपला काढल्या. कॉटवर बसलो आणि मग आडवा झालो. पत्रा कुरकुरला. साबणाचा आणि उन्हाचा वास आला... "मोहन," मी म्हटलं, "दांडा फिरव. दोन वेढे."

डोकं वर आलं. मी आंबा शोधला. आंबा दिसेना. पडवीचा खांब बरोबर मध्ये येत होता. मान कितीही वळवली तरी तिथून आंब्याची एक फांदीही दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त माझी खुर्ची. तिच्या पाठीवर टाकलेला माझा पंचा, बाजूला पुस्तकं. इतके महिने सकाळ-संध्याकाळ दोन वेढे मागून ती एवढंच बघत होती.

मग फाटकाकडे तोंड करून मी म्हणालो, "आता याच्यावर शेवटचा मी."

सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि अंगण ओलांडून आत आल्या. कॉटची दांडी हाताने चाचपली. "उठा आता," म्हणाल्या, "आमच्या माणसाची पाठ दुखत्येय."

टेम्पोत कॉट चढवताना मी सुनेला दांडा दाखवला. दोन वेढे, जास्त नको. हवेची गादी कशी घालायची ते मोहनने सांगितलं. टेम्पो सुरू झाल्यावर मला आठवलं, म्हणून मी चार पावलं मागून गेलो आणि ओरडून सांगितलं, "आणि त्यांच्या समोर एक खुर्ची ठेवा. बसत जा तिथे कुणीतरी."

तिने मान हलवली.

पडवीत आता कॉटपुरती मोकळी जागा आहे. माझी खुर्ची मी हलवलेली नाही. संध्याकाळी तिथे वाचत बसतो, आणि आंब्याकडे काही झालं की मान वर करून सांगतो.