कमानीवरचं नाव

मस्कतला हॉटेलात भांडी घासून दोन वर्षं मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवले. फोनवर ती म्हणायची, "पाय आता लई बरा हाय." सुट्टीला आलो, भोरहून एसटीने हिर्डोशीच्या पुढे आमच्या फाट्यावर उतरलो, तर देवळाच्या रस्त्यावर नवीकोरी कमान. देणगीदारांत सगळ्यात वर माझं नाव! मी तर एक रुपया दिला नव्हता. हबकलोच.

घरी आई भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आली. पाय होता तसाच. माझं डोकंच फिरलं. "ऑपरेशनचे पैसे कमानीला दिलेस? वेड लागलंय का तुला?"

ती शांतपणे म्हणाली, "गुडघा कोन बगतंय? परदेशी गेल्याली पोरं गावाला इसरत्यात, म्हनत हुते समदे. आता कुनाची टाप हाय म्हनायची?"

मी तरातरा बाहेर पडलो. ते नाव खरवडूनच टाकणार होतो. कमानीखाली पोचलो, मान वर केली आणि नाव पुन्हा वाचलं. मग मोबाईल काढून फोटो घेतला आणि मस्कतच्या खोलीवरच्या सगळ्यांना पाठवला.