चोख नसलेला पत्रा

आमच्या पोलादाच्या कारखान्यात पत्रा मनासारखा निघाला, तसा मी त्याचा एक तुकडा पर्समध्ये टाकला आणि साताऱ्याहून थेट विट्याला आले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो दाखवायचा होता. त्यांची सारी हयात मदुरैत गलाईच्या दुकानात सोनं गाळून त्यातली भेसळ काढण्यात गेली.

चपला काढता काढताच मी सुरू झाले. गाड्यांच्या या पोलादात आम्ही मँगनीज आणि सिलिकॉन घालतो. भट्टीत ते वर येतं, पत्र्यावर त्याची साय धरते, आणि सायीवर जस्ताचा थर बसत नाही. तिथं पुढे गंज चढतो. ते उघडे ठिपके बघून डोकं उठलं होतं. शेवटी भट्टीतल्या वायूत जराशी वाफ सोडली. वाफेतला ऑक्सिजन पत्र्यात शिरला, मँगनीज वर यायच्या आधी आतच अडकलं आणि जस्त सलग बसलं.

आबांनी तुकडा उन्हात तिरका धरला, सवयीनं नखानं खरवडला.

"एवढा ताप देतंय, तर घालताच कशाला? काढून टाका की."

"आवं आबा, चोख सोन्याची बांगडी वाकते ना? तसंच हे. घातलं नाही तर गाडी ठोकल्यावर आतला माणूस चेंगरेल."

तुकडा खाली ठेवून ते चहाकडे वळले. चहा पिऊन बाहेर गेले. मी हिरमुसले.

संध्याकाळी दूध आणायला निघाले, तर कोपऱ्यावर मित्राशी बोलताना त्यांचा आवाज.

"आमी जलमभर भेसळ काढली, गड्या. आमची पोरगी घालती. लय मापात घालती."