माझ्या आवाजाची राखण

"ही हसली म्हणून वाचले बाई मी. नाय तर माझा गवताचा भाराच घरी आला आसता, मी न्हाई."

ओट्यावरून काकूचा आवाज आला. मी आत चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात राहिली. बाहेर शेजारची सुनंदा म्हणाली, "आन् आमी म्हणायचो, इंग्लिश शाळेत घातल्यापास्नं ह्या पोरीची वाचाच गेली!" दोघी हसल्या.

ती पोरगी म्हणजे मी. मानसी.

आता जे सांगणार आहे ते त्या घडीपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्यातल्या खोलीतल्या मैत्रिणींनाही नाही, काकांना तर नाहीच. इथवर लिहून मी दोनदा उठले, दाराची कडी बघून आले. कोण येणार आहे? बिबट्या? तो तर केव्हाच निघून गेला. भीती मात्र गेली नाही — ती कशाची आहे, तेच सांगायचंय.

कळंबच्या पुढे, नदीच्या अंगाला आमची वस्ती आहे. चारी बाजूंनी ऊस. आईबाबांच्या नोकऱ्या बदलीच्या, म्हणून मी काका-काकूंकडेच वाढले. मंचरच्या शाळेची पिवळी बस रस्त्यावर यायची, तिथपर्यंत काकू मला रोज सोडायला यायची. आमच्याकडे उसाच्या कडेने कुणी गप्प चालत नाही. माणूस येतोय हे कळलं की बिबट्या आपणहून बाजूला होतो, असं सगळे धरून चालतात. म्हणून कुणी खोकतं, कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी एकटंच मोठ्याने बडबडतं. काकू मला वाटभर प्रश्न विचारायची. आज डब्यात काय, बाई रागावल्या का, 'कॅट'ला मराठीत काय म्हणतात. मी लाजाळू, एका शब्दात उत्तर द्यायचे. ती म्हणायची, "मोठ्यानं बोल गं. मला न्हाई, त्याला ऐकू जाऊ दे."

मी पुण्याला नोकरीला लागले आणि काकू एकटी पडली. गाई दोन, त्यांना रोज संध्याकाळी हिरवा चारा लागतो. गवताचा वाफा नेमका उसाला लागून. काका त्याच वेळी दूध घेऊन डेअरीला जातात. आता तर बायका गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा बांधून रानात जातात, बिबट्याने मानेला धरू नये म्हणून. काकूही बांधते. पण तो पट्टा घातला की मान वळत नाही. मागे काय आहे ते दिसत नाही.

म्हणून दिवाळीला मी तिला घड्याळ आणलं — नेटवरून कॉल लागणारं. वाफ्यात साध्या फोनला रेंज नसते, पण वायफायचा डबा मागच्या खिडकीत ठेवला की तिथपर्यंत नेट पोहोचतं. एका हातात विळा, दुसऱ्या हातात गवताची मूठ, आणि मनगटातून मी बोलणार. ठरलं तसं. रोज संध्याकाळी काकूचा कॉल यायचा आणि भारा बांधून होईपर्यंत मी बोलत राहायचे. एकदा मीच म्हणाले होते, त्यापेक्षा गाणी लाव की. तर म्हणाली, "गाण्याला तो सरावलाय. गाणं कुणाला उत्तर देतंय का? माणसाचं बोलणं त्याला बरुबर कळतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

खरं सांगू? मला त्या कॉलची लाज वाटायला लागली होती. खोलीत आम्ही तिघी. मी मोठ्याने "काकू, गाय व्यायली का?" म्हटलं की त्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर माझी नक्कल केली, प्रेमानेच केली — तरी केली. वस्तीवर मी इंग्लिश मीडियमवाली आणि पुण्यात मी गावठी. बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? आणि रोज काय बोलायचं? काकूच तर बोलायची. मी नुसतं हं, हो का, मग — एवढंच.

एवढंच, असं वाटलं आणि तिथेच मला ते सुचलं.

एका दुपारी खोलीत कुणी नसताना मी जुन्या फोनवर माझा आवाज रेकॉर्ड केला. "हं काकू." मग थोडं थांबून, "हो का?" मग थांबून, "अय्या, खरंच?" मध्ये ऑफिसातलं काहीबाही सांगितलं. एके ठिकाणी हसलेसुद्धा, अगदी मोकळं. इतकं मोकळं मी एरवी हसत नाही. संध्याकाळी कॉल घेतला, दोन शब्द खरे बोलले, कॉल स्पीकरवर टाकून जुना फोन त्या फोनशेजारी उशीवर ठेवला, वाजायला लावला — आणि मैत्रिणींबरोबर खाली चहाला गेले.

काकूला कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सांगते तेव्हा स्वतःची शिसारी येते, पण तेव्हा मला हुशारी वाटली होती. ती बिचारी गाईचा ताप सांगायची आणि माझा आवाज बरोबर म्हणायचा, "हो का?" असे किती दिवस गेले, मोजले नाहीत.

त्या दिवशी मी पाकीट विसरले म्हणून वर आले. दार उघडलं. उशीवर माझा आवाज ऑफिसातल्या लिफ्टची गोष्ट सांगत होता. मी पाकीट उचललं आणि तेवढ्यात दुसऱ्या फोनमधून काकूचा आवाज ऐकला. हळू, अगदी ओठांतल्या ओठांत.

"मानसे, बांधावर बसलाय. माझ्याकडंच बघतोय. बोल. थांबू नको."

आणि माझा आवाज हसला.

त्या हसण्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? झडप घालून फोन उचलला असता. ओरडला असता — काकू, मी आहे, पाठ फिरवू नकोस, विळा वर धर. मला हे सगळं पाठ आहे, लहानपणापासून पाठ आहे. मी उशीसमोर उभी राहिले. तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. काकू पुन्हा म्हणाली, "बोल गं माझी बाय." माझा आवाज म्हणाला, "मग काय, मजाच मजा!" मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. बंद केलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. तिच्या आणि त्याच्या मधे मी माझा फोन उभा केला आणि स्वतः मागे राहिले. यापेक्षा खरं मला लिहिता येत नाही.

मग रेकॉर्डिंग संपलं. नुसता वारा. उसाची सळसळ. कुत्रं भुंकलं, बांगड्या वाजल्या, काहीतरी जोरात पडलं. कॉल कट झाला.

मी परत लावला नाही. तेही सांगायला हवं. तो उचलला गेला नाही तर, या भीतीने लावला नाही. काकांचा फोन येईपर्यंत मी भिंतीला टेकून बसले होते. काका म्हणाले, घाबरू नको, पळताना पडली, गुडघा फुटलाय, बाकी धड आहे. आणि म्हणाले, "शाब्बास पोरी. तू बोलत राह्यलीस म्हणून."

मी "हो" म्हणाले. फक्त हो. बिबट्या उठून का गेला, मला माहीत नाही. कुत्र्यामुळे असेल, त्याचं पोट भरलेलं असेल. पण वस्तीवर गोष्ट ठरून गेली की पुण्याची पोरगी बिबट्याला हसली. जो भेटेल तो पाठ थोपटायचा. मी खाली बघायचे. लाजाळू आहे, लोक म्हणायचे.

गुडघा दुखत होता तोवर काका काठी घेऊन वाफ्यावर उभे राहायचे, दूध शेजाऱ्यांबरोबर जायचं. मला वाटलं, निभावलं.

आणि आज सुट्टीला आले, तर गाळणी हातात धरून हे ऐकत होते.

"आजपास्नं तुमी जावा डेरीला," काकू काकांना म्हणत होती. "वाघासारखं काय उभं ऱ्हाताय बांधावर? ही हाय की माझ्यासंगं, फोनवर."

"बघ बाई," काका म्हणाले. पण त्यांनी किटली गाडीला अडकवल्याचा आवाज आला.

सुनंदाने आत डोकावलं. तिच्याही मनगटावर नवं घड्याळ होतं. "माझ्यासंगं बी बोलशील का गं? आमचं हे तर पाचच मिन्टात झोपत्यात फोनवर." सहा महिन्यांचं पोर तिच्या कडेवर होतं. ती बाहेर बघत म्हणाली, "तुझ्यावर भरवसा हाय सगळ्यांचा."

चहा गार झाला होता. मी तसाच ट्रेमध्ये घेऊन बाहेर आले. काका गाडीला किक मारत होते. काकूने विळा भिंतीवरून काढला, पट्टा गळ्यात बांधला, आणि मान वळवता येत नाही म्हणून सगळं अंग माझ्याकडे फिरवलं. घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, "लावते हां. मोठ्यानं बोल." माझा फोन वाजायला लागला. उसाकडे बघवत नव्हतं, तिच्याकडे तर नाहीच. मी फोन उचलला नाही. ट्रे खाली ठेवला आणि मोठ्याने, काकांनाही गाडीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले —

"काकू, जाऊ नकोस. त्या दिवशी हसले ती मी नव्हते, रेकॉर्डिंग होतं. रोज तेच लावत होते. तू 'बोल' म्हणालीस तेव्हा मी तिथेच होते, सगळं ऐकत होते, आणि बोलले नाही."