हिरवी पट्टी

श्रीवर्धनचा तल्हा सौदीतल्या जिझानला आला तो टाइमकीपर म्हणून, कामगारांची हजेरी लिहायला. फावल्या वेळात तो पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा शिकला आणि कॅम्पातल्या कामगारांच्या रजा सांभाळणारा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला. त्याचा त्याला भलता अभिमान. नोंद बदलली की पडद्यावर हिरवी पट्टी यायची, ‘अपडेट झालं’. कुणी ‘नक्की ना?’ विचारलं की हा म्हणायचा, “हातच्या काकणाला आरसा कशाला?”

मार्चमध्ये चिपळूणकडचा वेल्डर दौलत काउंटरवर आला. आई, भीमाबाई, अंथरुणाला खिळली होती. जूनची रजा याच गुरुवारवर आणायला मॅनेजरने सही दिली होती. दौलतने नवा कोरा पासपोर्ट पुढे केला. तल्हाने त्यावरचा नंबर टाकून तारीख बदलली. हिरवी पट्टी आली.

“खलास, झालं काम, दौलतकाका. बॅग भरा.”

गुरुवारी विमानतळाची गाडी आली, पण यादीत दौलतचं नावच नव्हतं. पुढचं तिकीट सोमवारचं मिळालं. शनिवारी दुपारी भीमाबाई गेल्या. पुतण्याने दिलेला अग्नी दौलतने साइटवर उभ्याउभ्या मोबाइलवर पाहिला.

चूक सापडायला तल्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत. दौलतची नोंद जुन्या पासपोर्टच्या नंबरावर होती. नव्या नंबराचं कुणी नव्हतंच, त्यामुळे काहीच बदललं नव्हतं. डेटाबेसने हुकूम बिनतक्रार पाळला, आणि तेवढ्यावरच प्रोग्राम खूश झाला. नोंदी किती बदलल्या, हे विचारणारी एक ओळ तल्हाने लिहिलीच नव्हती. ती लिहून त्याने तोच नंबर पुन्हा टाकला. आकडा आला, शून्य. एका ओळीपायी त्याने एका माणसाला आईच्या शेवटच्या भेटीला मुकवलं होतं. टेबलावर डोकं टेकून तो ढसाढसा रडला.

महिन्याने, कार्य उरकून दौलत परतला. मुंडण केलेल्या डोक्यावर खुंट उगवले होते. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तल्हाला बरं वाटलं असतं.

“घरी कळवायचा झाला तर कुणाला, त्या रकान्यात आईचा नाव हाय,” दौलत म्हणाला. “तेवढा काढून टाक.”

तल्हाने जुना-नवा दोन्ही नंबर ताडून पाहिले. मग नाव काढलं.

“झाला ना रे नक्की?”

तल्हाने पडदाच दौलतकडे वळवला. एक नोंद बदलली होती.

दौलत त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिला.

“ह्या वेळी झाला,” तो म्हणाला.