पुढची ओळ

एकतीस वर्षं तो रंगमंचापासून दोन हातांवर बसला, पण प्रेक्षकांतल्या एकानेही त्याला कधी पाहिलं नाही. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरखंडाला पाठ टेकून, एका डुगडुगत्या स्टुलावर त्याची जागा. मांडीवर संहिता, कानामागे पेन्सिल, शेजारी एक मिणमिणता दिवा आणि त्या दिव्यालाही काळ्या कापडाची टोपी. नट अडखळला की ओळ पुरवायची, एवढंच त्याचं काम. कंपनीत सगळे त्याला कुजबुज्या म्हणत. नाव प्रेमानं पडलं की चेष्टेनं, ते ठेवणाऱ्यालाही आठवत नसेल, पण पडलं ते कायमचं.

आता या कामाला कला म्हणायचं की नाही, ते ज्यांची अब्रू त्याने वाचवली त्यांना विचारावं. ओळ नटाच्या कानात पडली पाहिजे, पण पहिल्या रांगेतल्या बाईच्या कुड्यांपर्यंत पोचता कामा नये. एकदा राजाचं काम करणारा भारदस्त नट दुसरा अंक सबंध विसरला. कुजबुज्याने तो अंक घोटाघोटाने त्याच्या कानात ओतला. पडदा पडल्यावर राजेसाहेब घाम पुसत म्हणाले, "काय रे, आज पाठांतर कसं होतं?"

"फर्मास, महाराज," कुजबुज्या म्हणाला, "माझं तर एकदम चोख होतं."

त्याचं एक सूत्र होतं. विसरलेला नट आणि मुद्दाम थांबलेला नट, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने विंगेत बसू नये. विसरलेल्याची नजर पळते, थांबलेल्याची नजर प्रेक्षकांवर रोवलेली असते. थांबलेल्याला ओळ दिलीत तर तो तुमचा गळा धरील. म्हणून तालमीतच कुजबुज्या समासात खुणा करी. एक रेघ असली तर विसरण्याची जागा, दोन रेघा असल्या तर हा मुद्दाम थांबतोय, तोंड बंद.

नाटकगृह बंद पडलं, तिथे फर्निचरचं गोदाम झालं, आणि कुजबुज्या थोरल्या बहिणीकडे राहायला आला. ताई विधवा. एका शिवणकामाच्या कारखान्यासाठी घरी बसून शर्टांना काजं करायची. दोन खोल्या, खिडकीशी तिची खुर्ची, उजेड डावीकडून. तिला काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा, तो ती घड्याळ न बघता घाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंब आहेत तोवर नजर आहे, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही.

दर रविवारी दोघं चर्चमध्ये उपासनेला जात. पाळकसाहेब म्हातारे. उपदेश असा सपक, की मागच्या बाकांवर डुलक्यांची चढाओढ लागे. बायबलमधलं वचन सांगताना ते मधेच हरवत, आणि तिसऱ्या बाकावरून कुजबुज्या हळूच ओळ देई. "आठवत होतं मला," पाळकसाहेब नंतर दारात म्हणत. "हो तर," कुजबुज्या म्हणे, "मी आपला आठवण ठेवायला मदत केली."

तशात पाहुणे उपदेशक आले. दहा रविवार, दुपारच्या सभा, चर्चचाच हॉल. उंच माणूस, कुरळे पांढरे केस, आणि आवाज असा, की कंपनीच्या मालकाने ऐकला असता तर हातातली कपबशी टाकून नारळासारखा पायाशी लोळला असता. पहिल्या सभेत ते एका वचनाच्या मध्यावर थांबले. हॉल श्वास रोखून बसला. आणि कुजबुज्याने तिसऱ्या बाकावरून ओळ दिली.

पाहुण्यांची नजर पळाली नव्हती. लोकांवर रोवलेली होती. कुजबुज्याला ते दिसलं होतं. तरी त्याने ओळ दिली. सवयीने, असं तो स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला.

पण पाहुण्यांनी त्याचा गळा धरला नाही. ते व्यासपीठ उतरून खाली आले, त्याला उठवलं, मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाले, "पाहा! मी थांबलो, आणि देवाने या भावाच्या तोंडून वचन दिलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारपासून व्यासपीठावर, पाहुण्यांच्या उजव्या हाताला, त्याच्यासाठी खुर्ची आली. मखमली पाठीची. वर दिवा, टोपी नसलेला.

एकतीस वर्षं अंधारात बसलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड पडला की त्याचं काय होतं, हे ज्यांना रोज उजेड मिळतो त्यांनी फार हसण्यावारी नेऊ नये. कुजबुज्याने नवा सदरा शिवला. ताईने त्याची काजं स्वतः केली.

दुसऱ्या सभेत मात्र त्याच्या हाताने जुनी खोड केली. मांडीवरच्या वहीत तो पाहुण्यांचा उपदेश टिपत होता, आणि समासात आपोआप खुणा उमटत होत्या. इथे दोन रेघा. इथे तीन आकडे मोजून मग बोलणे. इथे आवाज कापरा. इथे उजवा डोळा रुमालाने पुसणे. मागच्या सभेतही याच शब्दाला, याच डोळ्याला रुमाल लागला होता. डावा बिचारा दोन्ही वेळा कोरडाच राहिला. त्या दुपारी पाहुण्यांच्या प्रार्थनेने काठी टाकून चालू लागलेली जी बाई होती, ती तर पाहुण्यांनी "ऊठ" म्हणायच्या आधीच अर्धी उठली होती. एंट्री चुकली, एवढंच त्याच्या मनात आलं. वही मिटून तो खुर्चीत सरळ बसला.

तिसऱ्या सभेचा विषय होता औषध. "एका हातात गोळी आणि ओठांवर देव? कोण कोणाला फसवतंय?" पाहुणे गरजले. विश्वासाने केलेल्या प्रार्थनेने आजारी माणूस उठतो, अशा अर्थाचं एक वचन आहे. त्याच्या तोंडाशी येऊन ते थांबले. तीन आकडे. कुजबुज्याने ओळ दिली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी नव्हे, तर नेमकी पाहुण्यांच्या कानात. त्यांनी ती उचलली आणि समोरच्या टेबलाकडे बोट केलं. लोक उठले. गोळ्यांची पाकिटं, चष्मे, एक कुबडी टेबलावर जमू लागली. "आणि लक्षात ठेवा," पाहुणे म्हणाले, "जो बरा होत नाही, त्याने देवाकडे नाही, आपल्या विश्वासाकडे बघावं."

त्या संध्याकाळी ताईने थेंबांची बाटली हातात धरून विचारलं, "अरे, तू तर सगळं वाचतोस. मी पुढच्या रविवारी ही ठेवू का तिथे? खरं आहे ना ते?"

त्या वचनाची पुढची ओळ कुजबुज्याला पाठ होती. आपापल्या चुका एकमेकांजवळ कबूल करा, असं तिथे सांगितलंय. औषध टाका असं मागेही नाही, पुढेही नाही. त्याला वहीतल्या रेघा आठवल्या. आणि खुर्चीही आठवली.

"लिहिलंय तसं," तो म्हणाला.

लिहिलं होतंच. त्यामुळे तो खोटं बोलला असं कुणाला म्हणता आलं नसतं.

चौथ्या रविवारी बाटली टेबलावर गेली. सहाव्या रविवारनंतर ताईचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. "दार अरुंद केलंय की काय कुणी," ती हसून म्हणाली. मग एकदा डाव्या हाताचा चहाचा कप उलटला. मग एक दिवस कारखान्यातून अकरा शर्ट परत आले, त्यांची काजं तिरकी होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कुजबुज्याने विचारलं, "ताई, दिसतंय ना नीट?"

"दिसतंय रे. तू असं विचारू नकोस." तिने शर्ट चेहऱ्याजवळ घेतला. "माझा विश्वास आधीच कमी पडतोय."

नजर जात होती, आणि तक्रार करणं म्हणजे पाप अशी तिची पक्की समजूत झाली होती. आणि त्या समजुतीवर शिक्का होता घरातल्याच माणसाचा. नवव्या रविवारी उपदेश चालू असताना कुजबुज्याने व्यासपीठावरून खाली पाहिलं, तर ताई दुसऱ्या बाकावर डोळे मिटून, पदराच्या काठावर बोटांनी काजं चाचपत बसली होती. डोळ्यांवाचून काम करायचा सराव करत होती ती.

सोमवारी सकाळी तो पाळकसाहेबांकडे गेला. ते स्वयंपाकघरात मधुमेहाची गोळी शोधत होते. कुजबुज्याने सगळं सांगितलं. खुर्चीचं सोडून.

"मीसुद्धा गोळी प्रार्थना करूनच घेतो," पाळकसाहेब म्हणाले. "गोळी हातातून पडू नये म्हणून. कशी घरंगळते मेली!" मग ती सापडल्यावर खाली बसत म्हणाले, "तू दिलेल्या ओळीची पुढची ओळ कोणती रे?"

कुजबुज्याने त्यांच्या गोळीसाठी पाण्याचा पेला भरला.

"विसरलास होय? आता मी तुला सांगू?"

"नको," तो म्हणाला. "पण तुम्ही व्यासपीठावरून बोला ना, पाळकसाहेब. लोकांना सावध करा."

"करतोय की. पाच रविवार करतोय. तू नसतोस ऐकायला, दुपारच्या सभेची तयारी करत असतोस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "लोक म्हणतात म्हाताऱ्याला पोटदुखी झालीय. मी तिथे बसलो नव्हतो बाबा. तू बसलास."

घरी ताई खिडकीशी होती. कुजबुज्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि त्याने वही उघडली. एकेक खूण वाचली. इथे दोन रेघा. इथे तीन आकडे. इथे उजवा डोळा. काठीवाल्या बाईची चुकलेली एंट्री. ताई ऐकत राहिली, सुई हातात तशीच.

"हे कधी लिहिलंस?"

"दुसऱ्या सभेत."

"आणि मी बाटली कधी ठेवली?"

"चौथ्या."

 सुई तिने उशीत खोचली, पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा खोचली गेली.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मी पाळकसाहेबांना नाही विचारलं. डॉक्टरांना नाही. म्हटलं, घरात जाणता माणूस आहे." मग एकदम म्हणाली, "खुर्ची मऊ होती का रे?"

त्याला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. त्याची तयारी त्याने केली होती. या प्रश्नाची नव्हती. मान खाली घालून तो म्हणाला, "हो ताई. फार मऊ होती."

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली होती, ती गेलीच. उरलेली थेंबांनी राखता येईल. "थेंब का थांबवले?" डॉक्टरांनी विचारलं.  ताईने फक्त भावाच्या दिशेला तोंड वळवलं, आणि कुजबुज्याने सांगितलं, "माझ्यामुळे."

दहाव्या रविवारी, शेवटच्या सभेला, हॉल खच्चून भरला होता. कुजबुज्या खुर्चीवर जाऊन बसला. पाहुण्यांनी आपला सगळ्यांत गाजलेला उपदेश काढला, तोच औषधाचा. वचनाच्या तोंडाशी आले, थांबले, नजर लोकांवर रोवली. एक, दोन, तीन.

ओळ आली नाही.

पाहुण्यांनी चौथा आकडा मोजला. पाचवा. मग त्यांची नजर पळाली, अगदी पहिल्यांदाच, उजव्या हाताच्या खुर्चीकडे. कुजबुज्या उभा राहिला होता.

"याच्या पुढची ओळ," तो म्हणाला, "अशी आहे की आपल्या चुका एकमेकांजवळ कबूल करा. तर मी..."

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

जन्मभर जो आवाज पहिल्या रांगेत पोचू दिला नव्हता, तो आता शेवटच्या रांगेत पोचेना. पाहुणे हसून पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "आमचे भाऊ आज भारावले आहेत." लोकही हसले. कुजबुज्याचे कान तापले. बसून टाकावं, असं त्याला वाटलं. इतकं सोपं होतं ते.

"मोठ्यानं!" दुसऱ्या बाकावरून ताईचा आवाज आला. "मोठ्यानं बोल. मलाही ऐकायचंय."

मग त्याने सगळं पुन्हा सांगितलं, घसा फाटेस्तोवर, कोंबड्यासारख्या चिरक्या आवाजात. दोन रेघांचं. रुमालाचं. अर्धी ओळ देऊन आपण काय लपवलं त्याचं. बहिणीने विचारल्यावर काय उत्तर दिलं त्याचं. खुर्चीचंही. "औषधं परत घ्या," तो म्हणाला, "आणि मला क्षमा करू नका एवढ्यात. आधी थेंब घाला, गोळ्या घ्या, मग बघू."

टाळी पडली नाही. कुणी "लाज वाटत नाही का" म्हणालं, ते पाहुण्यांना की त्याला, कोण जाणे. त्याला वाटत होती, एवढं खरं. काही लोक रागाने निघून गेले. पाचसहा जणं खालच्या मानेने टेबलाशी आली आणि आपापली वस्तू उचलून पदराआड, खिशात घालून गेली. बाकीचं टेबल तसंच राहिलं. पाहुणे संध्याकाळीच दुसऱ्या गावी गेले, तिथेही हॉल भरतो असं म्हणतात.

रोज सकाळ-संध्याकाळ आता थेंब कुजबुज्या घालतो. ताई मान मागे टाकते, तो पापणी उचलतो. जवळून बघावं लागतं, म्हणून दोघांच्या नजरा भेटतात, आणि खाली होते ती त्याची. ती त्याच्याशी बोलते, हसते, चहात साखर कमी झाली तर टोमणाही मारते. पण वचनातलं काही विचारायचं झालं तर पाळकसाहेबांकडे जाते, आणि तो तिला दारापर्यंत सोडून बाहेर उभा राहतो.

रस्त्याने तो नेहमीसारखा तिच्या डावीकडून चालतो. त्या बाजूला तिला आता काही दिसत नाही, तोही नाही. मधेच ती दचकते, हात पुढे करून चाचपते. मग भर रस्त्यात, माणसं वळून बघतील इतक्या मोठ्या आवाजात त्याला सांगावं लागतं, "ताई, मी इथे आहे. पुढे पायरी आहे."

"खरंच आहे ना?" ती विचारते.

"आहे," तो म्हणतो, आणि तिचं पाऊल पायरीवर टेकेपर्यंत तिचा हात सोडत नाही.