सल्फेटभोवतीचं वर्तुळ

जेवणाच्या टेबलावर मुक्ता, माझी नववीतली लेक, रासायनिक समीकरण संतुलित करत बसली होती. शेजारी मी सामानाची खोकी बांधत होते. नवऱ्याची बदली झालीय, रविवारी ट्रक येणार.

तिने गंधक वेगळं मोजलं, ऑक्सिजन वेगळा मोजला आणि सगळाच गोंधळ झाला. मग खोडरबर फिरवून तिने सल्फेटभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलं. "बाईंनी सांगितलंय, याला फोडायचं नाही. हा गट अख्खा इकडून तिकडे जातो."

मी वाकून पाहिलं. डावीकडे सल्फेट तांब्याबरोबर होतं. उजवीकडे ते ॲल्युमिनिअमकडे गेलं, जसंच्या तसं, एकही अणू न सांडता. आम्हीही तसेच जाणार, तिघं एकत्र. उजव्या टोकाला तांबं उरलं होतं, नुसतं. त्याच्याशी बांधलेलं आता काहीच नव्हतं.

आबा, माझे सासरे, गॅलरीत जास्वंदीला पाणी घालत होते. "या वयात नवं गाव नको गं," एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवलाय. त्यांना डबा लावून दिलाय, शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीय. मी रोज सगळं नव्याने जुळवून बघते, आणि रोज ते जुळतं.

"जमलं का गं तुझं?" आबांनी तिथूनच मुक्ताला विचारलं.

"जमलं, आबा! दोन्हीकडे सगळं सारखं आलं."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि रिकामी झारी तशीच कुंडीवर धरून उभे राहिले.